बाळाचा वाढदिवस आणि बाळगोपाळांची पंगत

मुलांचे वाढदिवस करण्याची चाल आपल्याकडे साहेबाबरोबर आली, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. केक, मेणबत्त्या, फुगे आणि इंग्रजी गाणें एवढ्यालाच वाढदिवस म्हणावयाचें असेल, तर ही समजूत खरी ठरेल. उलट पक्षीं, आपल्या धर्मग्रंथांत हें सर्व पूर्वींच सांगून ठेविलें आहे असें म्हणून पोथीवर हात ठेवणारी मंडळीही आहेत; आणि पोथींत वाढदिवसाचा विधि आहे, हें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. पण ह्या दोन पक्षांच्या वादांत एक साधा प्रश्न बाजूस राहून जातो. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाचा वाढदिवस असतो तेव्हां घरांत जमलेलीं मुलें एका वयाचीं कधींच नसतात. ज्याचा सण तें रांगत किंवा दुडदुडत असतें; त्याच्या चुलत-मावस भावंडांपैकीं कोणी चार वर्षांचें, कोणी आठ, कोणी बारा; आणि शेजारची एखादी मुलगी कडेवर दुसरेंच तान्हें घेऊन दारांत उभी असते. ह्या सर्वांनीं मिळून त्या दिवशीं करावयाचें काय? हा प्रश्न गृहिणीचा आहे, इतिहासाचा नव्हे, असें कोणी म्हणेल. तथापि निरनिराळ्या काळच्या लोकांनीं त्याचीं जीं उत्तरें दिलीं, किंवा जीं देण्याचें टाळलें, तीं पाहण्यासारखीं आहेत.

आपल्या वाङ्मयांतील अशा समारंभाचें एक अत्यंत बोलकें वर्णन भागवताच्या दशम स्कंधांतील सातव्या अध्यायांत आहे. कृष्ण तीन महिन्यांचा झाला आहे, तो कुशीवर वळूं लागला आहे, आणि त्याच दिवशीं त्याचें जन्मनक्षत्र आलें आहे. असा दुहेरी योग साधून यशोदेनें गोकुळांतील बायकांना बोलाविलें. वाद्यें वाजूं लागलीं, गाणीं झालीं, ब्राह्मणांनीं मंत्र म्हटले, बाळाला स्नान घातलें गेलें. अन्न, वस्त्रें, गाई ह्यांचीं दानें झालीं. इतक्या गडबडींत बाळाच्या डोळ्यांवर झोंप आली. यशोदेनें त्याला एका गाड्याखालीं निजविलें आणि ती पाहुण्यांच्या सरबराईंत गुंतली. बाळ जागें झालें, भुकेनें रडूं लागलें. पण तें रडणें तिच्या कानांपर्यंत पोंचलेंच नाहीं. रडतां रडतां त्यानें पाय झाडले आणि तो गाडा उलटला. गाड्यावरचीं रसांनीं भरलेलीं भांडीं फुटलीं, चाकें निखळलीं, जूं मोडलें. मोठीं माणसें धांवून आलीं, आणि गाडा आपोआप उलटला कसा, ह्याचा विचार करूं लागलीं. जवळ खेळत असलेल्या मुलांनीं सरळ सांगितलें कीं, ह्यानेंच रडतांना पायानें उडविला. मोठ्यांनीं तें पोरांचें बोलणें म्हणून सोडून दिलें. पुढें यशोदेनें ग्रहपीडेच्या शंकेनें पुन्हां ब्राह्मणांकडून शांति करविली, हें ओघानें आलेंच.

भाविकाला ह्या कथेंत भगवंताचा पराक्रम दिसतो, आणि तो दिसावा म्हणूनच ती सांगितली आहे. परंतु तिच्यांत चितारलेलें घर पाहिलें तर आजच्या कोणत्याही गृहिणीस तें ओळखीचें वाटेल. समारंभ बाळाचा, पण आईचें लक्ष पाहुण्यांकडे. वाद्यांचा गजर असा कीं त्यांत रडणें बुडून जावें. बाळाची झोंपेची वेळ आणि समारंभाची वेळ एकच. आणि त्याच्याजवळ त्या क्षणीं कोण होतें, तर ज्यांना कोणीं मानानें बोलाविलें नव्हतें, ज्यांच्या पानावर दक्षिणा पडली नव्हती, तीं थोरलीं मुलें. काय झालें हें खरें त्यांनाच ठाऊक होतें. भागवतकाराला घरांतल्या मुलांची पारख होती, ह्यांत मला तरी संशय वाटत नाहीं.

ह्या प्रसंगांत जन्मनक्षत्र तीन महिन्यांच्या बाळाला आलें, ह्याचें आजच्या वाचकास आश्चर्य वाटेल. पण नक्षत्र दर महिन्यास फिरून येतें, आणि पहिल्या वर्षांत हा दिवस दर महिन्यास पाळण्याची कल्पना फार जुनी आहे. गृह्यसूत्रांत पहिलें वर्ष पुरें होईपर्यंत प्रतिमासीं आणि त्यापुढें प्रतिवर्षीं जन्मतिथीस होम करण्यास सांगितलें आहे. हल्लीं दर महिन्यास बाळाचें छायाचित्र काढून आप्तांस पाठविण्याची जी चाल पडली आहे तिला कोणी नवें फॅड म्हणत असेल, तर त्यानें ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

मध्ययुगीन निबंधकारांनीं ह्या कृत्याला वर्धापन, अब्दपूर्ति अशीं नांवें दिलीं. महाराष्ट्रांत सर्वांत अधिक चाललेला ग्रंथ म्हणजे पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये ह्यांचा १७९० सालचा धर्मसिंधु. त्यांत सांगितलेला विधि थोडक्यांत असा: जन्मतिथीस तीळ लावून स्नान करावें, गुरु, देव, अग्नि, विप्र, मातापितर ह्यांचें पूजन करावें, मार्कंडेय आणि अश्वत्थामा, बलि, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम हे चिरंजीव आवाहन करावे, षष्ठी देवीस दहींभाताचा नैवेद्य दाखवावा, आणि तीळगूळ घातलेलें दूध अर्धी ओंजळ प्यावें. त्या दिवशीं नखें-केंस काढूं नयेत, लांबचा प्रवास करूं नये, मांस खाऊं नये, भांडण करूं नये, हिंसा करूं नये. भांडणाचा निषेध मुद्दाम केला आहे, हें पाहून शास्त्रीबोवांच्या अनुभवाबद्दल आदर वाटतो.

ह्या देवतांच्या यादींतली षष्ठी म्हणजेच आपल्या आजीबाईंची सटवाई. पांचव्या-सहाव्या रात्रीं पाटी-लेखणी मांडून जिची वाट पहावयाची, आणि जिच्या कोपानें बाळ दगावतें अशी भीति बाळगावयाची, ती हीच. वर्षानंतर तिला दहींभात द्यावयाचा, तो तिनें मूल राखलें म्हणून. मुलाला दगडू, धोंडू, भिकू अशीं नांवें ठेवून मृत्यूची नजर चुकविणाऱ्या समाजांत पहिलें वर्ष पुरें होणें ही केवढी गोष्ट होती, ह्याची कल्पना आज सहज येत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थानांत सरकारी नोंदींप्रमाणेंच हजारीं दोनशेंच्या आसपास मुलें वर्ष पुरें होण्याआधीं जात. १९७१ सालीं हा आंकडा १२९ होता. २०२० सालीं तो २८ वर आला, आणि महाराष्ट्रापुरता तर १६ वर. ज्या घरांत पांचांतलें एक मूल जावयाचें त्या घरांत पहिला वाढदिवस हा आनंदाइतकाच सुटकेचाही दिवस असे. आणि म्हणून तो गाजावाजा न करतां, चिरंजिवांची विनवणी करून, घरच्या घरीं उरकला जाई. ह्या विधींत मूल आहे, पण मुलें नाहींत. पाट एकच मांडलेला आहे.

राजदरबारीं मात्र गाजावाजा होई. हिंदींतील बरसगांठ, गुजरातींतील वरसगांठ आणि फारसी सालगिरह ह्या सर्वांचा अर्थ एकच: सरलेल्या वर्षाची दोऱ्याला मारलेली गांठ. मोंगलांच्या घराण्यांत ह्या दिवशीं तुला होत असे. आईन-इ-अकबरींत अबुल फजल सांगतो कीं, शहाजाद्यांची तुला दोन वर्षांच्या वयापासून सुरू होई. पहिल्यांदा ती एकाच पदार्थानें करावयाची, आणि पुढें दर वर्षीं एकेक पदार्थ वाढवीत जावयाचें. वय मोजण्याची ही युक्ति केकवर मेणबत्ती वाढविण्याच्या जवळची आहे.

इंग्रज वकील सर टॉमस रो ह्यानें १६१७ च्या सप्टेंबरांत मांडवगडास जहांगिराची तुला पाहिली. सोन्याच्या तराजूचें आणि रत्नांचें वर्णन त्यानें केलें आहे तें बाजूस ठेवूं. आपल्या विषयाला उपयोगी भाग शेवटचा आहे. तुला झाल्यावर बादशहा सिंहासनावर बसला, आणि पातळ चांदीच्या पत्र्याचे केलेले बदाम, अक्रोड, फळें, मसाल्याचे जिन्नस तबकांतून मुठीमुठीनें उधळूं लागला. मोठमोठे उमराव जमिनीवर पालथे पडून ते वेंचूं लागले. रो आपला ताठ उभा. तें पाहून जहांगिरानें एक तबक जवळजवळ भरलेलेंच त्याच्या झग्यांत ओतलें, तेव्हां शेजारच्या सरदारांनीं त्यांतही हात घालण्यास कमी केलें नाहीं. पन्नाशीच्या उमरावांना पोरांसारखें रांगावयास लावणारी ही कोणती युक्ति? जिनसांची किंमत फार नव्हती, हें रोनेंच नमूद केलें आहे. वरून पडणारी वस्तु दिसली कीं वयाचा विसर पडतो, एवढेंच त्याचें उत्तर असावें.

मांडवगडच्या ह्या लुटीचा आणि आपल्या बोरन्हाणाचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचा माझा हेतु नाहीं. पण युक्ति तीच आहे, आणि बोरन्हाणांत ती अधिक शहाणपणानें वापरलेली आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत एखाद्या तिसऱ्या प्रहरीं हा समारंभ होतो. पांच वर्षांच्या आंतील मुलाला काळें झबलें शिवून, हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद घालून पाटावर बसवितात. औक्षण झालें कीं त्याच्या डोक्यावरून बोरें, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, रेवड्या आणि हलवा ह्यांची ओंजळ ओंजळ धार सोडतात. आणि भोंवतीं बसलेलीं मुलें तुटून पडतात. हा वाढदिवस नव्हे, हें खरें. परंतु निरनिराळ्या वयाच्या मुलांचा घरगुती समारंभ कसा असावा ह्याचा इतका चांगला नमुना दुसरा माझ्या पाहण्यांत नाहीं.

त्याची घडणच पहा. ज्याचा सण त्याला कांहींही करावें लागत नाहीं. त्यानें पाटावर बसावें, बावरावें, हंसावें, किंवा मुकुटाचा एक दाणा तोडून तोंडांत घालावा. समारंभ अडत नाहीं. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक बोर सांपडलें तरी तें कृतार्थ होतें. सात-आठ वर्षांचीं मुलें खरीं लुटारू. त्यांच्यासाठींच धांव आणि झटापट आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलीला आपण आतां मोठ्या झालों असें वाटत असतें, तिच्याकडे पाटावरच्या बाळाला सांवरण्याचें किंवा मागून ओंजळ धरण्याचें काम येतें, आणि तें करतां करतां तीही दोन करवे उचलतेच. कोणी हरत नाहीं, कोणी बाद होत नाहीं, बक्षीस कोणालाच नाहीं. सर्व कांहीं पाऊण तासांत आटोपतें, आणि बाळाच्या झोंपेला बाध येत नाहीं. शिवाय, लुटलेला माल हाच पाहुण्या मुलांचा परतीचा अहेर. तो वेगळा आणावा लागत नाहीं.

एक दोष मात्र सांगितला पाहिजे. बोराची आठळी आणि शेंगदाणा हे लहान मुलाच्या श्वासनलिकेंत अडकणारे पदार्थ आहेत. शेंगदाणा तर वारंवार अडकतो. चार वर्षांखालील मुलाच्या हातीं अख्खा दाणा पडूं देऊं नये, असें आजचे बालवैद्य सांगतात, आणि तें ऐकलें पाहिजे. जुन्या चालींत फेरफार कसा करावा, असा संकोच करण्याचें कारण नाहीं. भुईमूग हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतला; तोच एके काळीं ह्या ओंजळींत नव्यानें शिरला असला पाहिजे. तो शिरूं शकला तर तो वगळतांही येईल. आतां त्यांत कागदांत गुंडाळलेल्या गोळ्या आणि बिस्किटांचे पुडे पडूं लागले आहेत, ह्याबद्दल कांहीं वृद्ध नापसंती दाखवितात. मला त्यांत धर्म बुडाल्यासारखें दिसत नाहीं. फक्त पुडा डोक्यावर पडला तर लागतो.

आतां पश्चिमेकडे वळूं. तेथेंही मुलाचा वाढदिवस हा प्राचीन सण नव्हे. इराणी लोक सर्व दिवसांत आपल्या जन्मदिवसाला अधिक मान देतात, आणि त्यांतले श्रीमंत त्या दिवशीं अख्खा बैल, घोडा किंवा उंट भट्टींत भाजतात, असें हिरोडोटसानें लिहिलें आहे. पण ती मोठ्यांची मेजवानी. ख्रिस्ती धर्माच्या आरंभींच्या आचार्यांपैकीं ओरिजेन ह्यानें तर असें दाखवून दिलें कीं, धर्मग्रंथांत वाढदिवस साजरा करणारे दोघेच, एक इजिप्तचा फेरो आणि दुसरा हेरोद. आणि दोघांच्याही मेजवानींत एकेका माणसाचा प्राण गेला. हा कटाक्ष पुष्कळ शतकें टिकला. मुलासाठीं केक, आणि त्यावर वर्षांइतक्या मेणबत्त्या व आयुष्याची म्हणून आणखी एक, ही रीति अठराव्या शतकांतील जर्मनींत दृष्टीस पडते. १७४६ सालीं काउंट त्सिंत्सेनडॉर्फ ह्याच्या वाढदिवसास भला मोठा केक करून त्यांत वयाइतक्या मेणबत्त्या खोंवल्या होत्या, असें एका समकालीनानें लिहून ठेविलें आहे.

ह्या जर्मन रीतींत मेणबत्त्या सकाळीं लावून दिवसभर तेवत ठेवावयाच्या असत. फुंकर हा समारंभाचा गाभा नंतर झाला. आपल्याकडे बाळाच्या हातून ज्योत विझविणें अनेक आजींना अजून रुचत नाहीं, आणि नातवंडांना त्यांचा हट्ट जुनाट वाटतो. पण आयुष्याची ज्योत तेवत ठेवण्याची ती मूळ जर्मन कल्पना आणि निरांजनानें ओंवाळण्याची आपली कल्पना ह्या एकमेकींच्या फार जवळ आहेत, हें दोघांनाही सांगण्यासारखें आहे. वर्षाच्या मुलाला फुंकर मारतां येत नाहीं, हा भाग निराळाच. ती बहुधा त्याचा बाप मारतो.

गाण्याचा उगमही शाळेंतला आहे. अमेरिकेंतील लुईव्हिल गांवीं बालोद्यान चालविणाऱ्या पॅटी हिल आणि तिची संगीतज्ञ बहीण मिल्ड्रेड ह्यांनीं १८९३ सालीं बालगीतांचें एक पुस्तक काढलें. त्यांतल्या सकाळच्या नमस्काराच्या गाण्याच्या चालीवर पुढें वाढदिवसाचे शब्द बसविले गेले. त्या शब्दांवर एका कंपनीनें वर्षानुवर्षें हक्क सांगितला, आणि तो २०१५ सालीं अमेरिकेच्या न्यायालयानें अमान्य केला. लहानांना सहज म्हणतां यावी म्हणून रचलेली चाल मोठ्यांच्या मालकीची होऊन बसावी, हा ह्या सणाच्या एकंदर इतिहासाला साजेसाच प्रकार म्हणावयाचा.

परंतु पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आलेल्या गोष्टींत सर्वांत दूरगामी ठरली ती केक नव्हे. ती म्हणजे वयाप्रमाणें मुलें वेगळीं करण्याची संवय. पंतोजींच्या शाळेंत पांच वर्षांचा आणि बारा वर्षांचा एकाच ओसरीवर बसत, आणि थोरला धाकट्याची धुळाक्षरें पाहत असे. मद्रासेस लष्करी अनाथालयावर असलेल्या अँड्र्यू बेल ह्यानें देशी शाळेंत मुलें वाळूवर लिहितांना पाहिलीं, आणि मुलांकडून मुलांना शिकविण्याची पद्धति बसवून १७९७ सालीं ती लंडनमध्यें प्रसिद्ध केली. इंग्लंडांत ती मद्रास पद्धति म्हणूनच गाजली. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर आपल्याकडे सरकारी शिक्षणखातें उभें राहिलें, इयत्ता ठरल्या, परीक्षा आल्या आणि हजेरीपटांत जन्मतारखेचा रकाना आला. तो रकाना भरावयाचा कसा, हा मास्तरांपुढचा पेंच महाराष्ट्रांतील एका विनोदी सत्याला कारण झाला आहे: आईबापांस तारीख ठाऊक नाहीं, शाळा जूनमध्यें उघडावयाची, तेव्हां मास्तरांनीं सरसकट १ जून लिहून टाकावा. अशा रीतीनें १ जूनला जन्मलेल्यांची एक स्वतंत्र जात महाराष्ट्रांत निर्माण झाली, आणि तिच्यांत प्राध्यापक, आमदार, कवि सर्वच सांपडतात.

तारखेनें तिथि मागें सारली. जन्मतिथि इंग्रजी महिन्यांत मागें-पुढें होते आणि सुमारें १९ वर्षांनीं पुन्हां त्याच तारखेच्या आसपास येते. मुंबईच्या पारशी कुटुंबांत शहेनशाही पंचांगाला लीप वर्ष नसल्यानें रोजाचा वाढदिवस चार वर्षांनीं एक दिवस मागें सरकतो, आणि पुष्कळ घरीं रोज आणि तारीख दोन्ही साजऱ्या होतात. तिथीनें मूल एखाद्या सणाशीं बांधलें जाई: हा दिवाळींतला, ती नागपंचमीची. तारखेनें तें हजेरीपटाशीं बांधलें गेलें. हॉवर्ड चुडाकॉफ ह्या अमेरिकन इतिहासकारानें १९८९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांच्याकडील हीच कथा विस्तारानें सांगितली आहे: इयत्तांच्या शाळा आल्या, बालवैद्यक आलें, तसतसें अमुक वयाला अमुक गोष्ट शोभते ही जाणीव तीव्र झाली, आणि एकाच वयाच्या सोबत्यांना बोलावून करावयाचा वाढदिवस त्या जाणिवेबरोबर वाढला. आपल्याकडे आज वर्गांतल्या चाळीस मुलांना निमंत्रण जातें, आणि धाकट्या भावंडाला घरीं ठेवून या असें सौजन्यानें सुचविलें जातें, त्याचें मूळ येथें आहे.

ह्या प्रवाहाविरुद्ध उभीं राहिलेलीं माणसेंही शिक्षणक्षेत्रांतलींच होतीं, हें नमूद केलें पाहिजे. मारिया माँटेसोरी हिनें १९०७ च्या जानेवारींत रोमच्या सान लोरेन्झो वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, त्यांत दोन-तीनपासून सहा वर्षांपर्यंतचीं मुलें एकत्र होतीं. आणि पुढें तिनें हें एकत्र असणें आपल्या पद्धतीचें तत्त्वच केलें. धाकट्याला थोरल्याकडे पाहून जें कळतें तें शिक्षकाकडून कळत नाहीं, आणि थोरल्याला धाकट्याला दाखवितांना स्वतःचेंच ज्ञान नीट लागतें, असें तिचें निरीक्षण होतें. हीच पद्धति गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक ह्यांनीं भावनगरास आपल्या देशाच्या मातींत रुजविली. ताराबाईंनीं १९४५ सालीं बोर्डी येथें, तेव्हांच्या ठाणें आणि आतांच्या पालघर जिल्ह्यांत, खेड्यांतल्या मुलांसाठीं काम सुरू केलें. तेथें त्यांना व अनुताई वाघ ह्यांना असें दिसलें कीं, थोरल्या मुली शाळेंत येत नाहींत, कारण त्यांच्या कडेवर धाकटें भावंड असतें. त्यावर मुलीला भावंड घरीं ठेवून ये असें त्यांनीं सांगितलें नाहीं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखालीं आणण्याचा विकासवाडीचा प्रयोग ह्यांतून पुढें कोसबाडच्या टेकडीवर उभा राहिला.

कडेवर मूल घेऊन आलेल्या त्या मुलीचा प्रश्न आज शहरांतल्या सुखवस्तु घरांत उलट्या बाजूनें उभा आहे. महाराष्ट्रांत एका स्त्रीमागें सरासरी मुलांचें प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणींत १.७ इतकें आढळलें. म्हणजे पुष्कळ मुलांना थोरलें भावंड नाहीं, धाकटें नाहीं, आणि चुलत-मावस भावंडें दुसऱ्या गांवीं किंवा दुसऱ्या देशांत. शाळेंत समवयस्क, खेळाच्या वर्गांत समवयस्क, इमारतीच्या आवारांतही टोळ्या वयाच्या. बारा वर्षांच्या मुलानें वर्षाच्या बाळाला मांडीवर घेतलें आहे, असा प्रसंग त्याच्या बाळपणांत किती वेळां येत असेल? अशा घरीं धाकट्या बाळाचा वाढदिवस हा त्या थोड्या प्रसंगांपैकीं एक उरला आहे. आणि तोही आपण भाड्याचें सभागृह, ध्वनिवर्धक आणि खेळ घेणारा भाडोत्री सूत्रधार ह्यांच्या स्वाधीन केला, तर मुलें पुन्हां रांगा करून उभीं राहतात, लहानगीं पहिल्या फेरींतच बाद होऊन रडतात, थोरलीं कोपऱ्यांत यंत्र घेऊन बसतात, आणि ज्याचा वाढदिवस तें गाड्याखालच्या बाळासारखें आवाजानें दचकून उठतें.

समारंभ मोठा करूं नये असें माझें म्हणणें नाहीं; ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें करावा. पण बेत आंखतांना पहिला विचार बाळाच्या दुपारच्या झोंपेचा व्हावा, आणि निमंत्रणाची वेळ तिच्या मागून ठरावी. निमंत्रणांत भावंडांसह या, असें स्पष्ट लिहावें. दहा-बारा वर्षांच्या मुलांना पाहुणे न समजतां यजमान समजावें: कोणीं तोरण बांधावें, कोणीं धाकट्यांना गोष्ट सांगावी, कोणीं पानें वाढावीं. त्यांना कंटाळा येतो तो काम नसल्यामुळें. खेळ असे निवडावे कीं त्यांत वरून कांहीं पडावें, लपविलेलें सांपडावें, किंवा सर्वांनीं मिळून कांहीं रचावें. एकानें जिंकून बाकीच्यांनीं हरण्याचे खेळ ह्या मेळ्याला मानवत नाहींत. फुगे लावावयाचे तर उंच लावावे, आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच वेंचावे, कारण तेही लहान मुलाच्या घशांत बसतात. रबरी फुगा पहिल्यांदा केला तो मायकेल फॅरडेनें १८२४ सालीं, वायूंवरच्या प्रयोगांसाठीं. तो खेळणें म्हणून केलेला नव्हता.

राहतां राहिला खाण्याचा प्रश्न. वर्षाच्या मुलाला जें चालतें तें आठ वर्षांच्याला बेचव लागतें, आणि आठ वर्षांच्याला जें हवें तें आजोबांना वर्ज्य असतें, म्हणून यजमानीण तीन प्रकारचे जिन्नस मांडते आणि स्वतः जेवावयाची राहते. ह्या बाबतींत षष्ठीचा नैवेद्य उपयोगी पडावा. मऊ भात, ताजें दहीं, लहानांसाठीं नुसतें मीठ, मोठ्यांसाठीं वरून जिऱ्याची फोडणी आणि लोणच्याची फोड. पातेलें एकच पुरतें.